बोर्डाची दिवसभराची परीक्षा की दर तिमाही ३० प्रश्न? दोन्ही करून बघितलेल्या डॉक्टरचा रिव्ह्यू

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिन (मोठ्या माणसांचे ऑपरेशनशिवायचे आजार बघायची शाखा) करणारे आपले मराठी डॉक्टर बरेच आहेत. त्यातले माझ्या वयाचे, म्हणजे पन्नाशीच्या आसपासचे, त्यांची रिसर्टिफिकेशनची, म्हणजे तज्ज्ञ म्हणून मिळालेलं बोर्डाचं सर्टिफिकेट टिकवायची, दुसरी नाहीतर तिसरी खेप आलीय आणि आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर जानेवारीत हाच प्रश्न येतो की दिवसभराची मोठी परीक्षा देऊ का एलकेए, म्हणजे दर तिमाही थोडे थोडे प्रश्न सोडवायची नवी पद्धत, घेऊ. दर वेळी मी तुकड्या तुकड्यात उत्तर टाइप करते आणि महिनाभराने दुसरं कोणीतरी तेच विचारतं, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते: एलकेएला पाचपैकी चार स्टार, मोठ्या परीक्षेला दोन. आता का ते वाचा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग, झाली की अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनची, म्हणजे एबीआयएमची परीक्षा द्यायची, पास झालं की तुम्ही बोर्ड सर्टिफाइड. हे बोर्ड १९३६ पासूनचं आहे. कायद्याने लायसन्स वेगळं, ते राज्य देतं, पण बहुतेक हॉस्पिटलं आणि इन्शुरन्सवाले बोर्ड सर्टिफिकेट मागतातच, त्यामुळे ऐच्छिक म्हणायचं तर म्हणा, प्रत्यक्षात ते लागतंच. १९८९ पर्यंत ज्यांनी सर्टिफिकेट घेतलं त्यांचं जन्मभर चालतं, १९९० पासून पुढच्यांचं दहा वर्षांनी संपायचं, आणि परत पास व्हायची मुदत त्यांना आजही येतेच. मी जिथे काम करते त्या प्रॅक्टिसमधले सगळ्यात सीनियर पार्टनर १९८९ च्या आधीचे, त्यांना कधीच परत बसावं लागलं नाही, आणि मी ज्यांच्याकडून सगळ्यात जास्त शिकले ते हेच गृहस्थ. रोज जेवणाच्या सुट्टीत एक तरी पेपर वाचणारा माणूस. हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

माझं पहिलं सर्टिफिकेट २००३ चं. रेसिडेन्सी नुकतीच संपलेली, डोकं भरलेलं, एका दमात पास. २०१३ ला परत बसले आणि नापास झाले.

हे मी बरीच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं आणि सांगलीला आईला फोनवर सांगितलं होतं, बस. आता सांगते कारण त्या नापास होण्याचा मी खूप विचार केलाय आणि त्यातूनच मला कळलं की ही परीक्षा नक्की काय मोजते. त्या वर्षी पहिल्यांदा रिसर्टिफिकेशनला बसलेल्यांत साधारण पाचातला एक जण नापास झाला होता, म्हणजे मी एकटी नव्हते, पण निकाल हातात आल्यावर असं कुठलं गणित कामाला येत नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डात राउंडला गेले तेव्हा पेशंटच्या डोळ्यात बघायला जड जात होतं, वाटत होतं की यांना कळलं तर काय म्हणतील.

त्यावेळी मी सात वर्षं नाइट ड्यूटीवाली हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त हॉस्पिटलात दाखल झालेले पेशंट बघणारी डॉक्टर, होते. रात्री अॅडमिशन घ्यायच्या, सेप्सिस, छातीत दुखणं, जीआय ब्लीड, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस, यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पण बोर्डाची परीक्षा सगळ्या मेडिसिनची असते. हार्टचे साधारण १४ टक्के प्रश्न, मग पोट, फुफ्फुस, इन्फेक्शन, एंडोक्राइन, सांधे, किडनी, रक्त, कॅन्सर, आणि शिवाय कोणाला कुठलं स्क्रीनिंग कधी करायचं, ऑस्टिओपोरोसिसचं औषध किती वर्षं चालू ठेवायचं, थायरॉइडच्या गाठीत तपासणीसाठी सुई कधी घालायची असलं सगळं क्लिनिकमधलं. हे मी सात वर्षांत एकदाही केलेलं नव्हतं! म्हणजे मी रोज जे करत होते त्यात मी तयार होते आणि जे करत नव्हते त्यात मी २००३ सालीच अडकलेले होते.

दुसरं कारण झोप. नाइट करून आल्यावर सकाळी पुस्तक घेऊन बसायचं, दोन पानांवर मान पडायची. तिसरं म्हणजे अभ्यासाची पद्धत, मी आपल्याकडे एमबीबीएसला करायचो तशीच केली, शेवटचे तीन महिने घोकंपट्टी, हायलायटर, वहीत नोट्स. प्रश्न सोडवले ते अगदी शेवटच्या दोन आठवड्यांत. चौथं कारण सांगायला जरा संकोच वाटतो पण ते खरं आहे, मी दहावीपर्यंत मराठी मिडियमची, इंग्रजी वाचते उत्तम, पण त्या प्रश्नांमधला एकेक पेशंट अर्धा पान लांबीचा असतो, वय, व्यवसाय, औषधांची यादी, दहा लॅब रिपोर्ट, आणि घड्याळ चालू. तासनतास तसं वाचत गेल्यावर दुपारी माझा वेग पडला, आणि ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही अशा बऱ्याच जणांनी मला हेच सांगितलंय.

त्यात परीक्षेचं सेंटर. नाव घेत नाही, पण एसी इतका की बोटं आखडली, स्वेटरचे खिसे उलटे करून दाखवा, चष्मा काढून दाखवा, बाहेर गेलात की परत सगळी तपासणी, आणि दुपारच्या भागात माझा कॉम्प्युटर वीस मिनिटं बंद. वेळ भरून मिळाला, पण तंद्री मोडली ती मोडलीच. शरद ऋतूतल्या खेपेला परत बसले आणि पास झाले. त्या मधल्या काळात मी नाइट अर्ध्या केल्या, आठवड्यातून एक दिवस एका क्लिनिकमध्ये बसायला लागले, आणि वाचण्यापेक्षा प्रश्न सोडवण्यावर भर दिला. हुशारी तीच होती, सहा महिन्यांत कुठे वाढणार, बदललं ते फक्त आयुष्याचं वेळापत्रक.

म्हणून मोठ्या परीक्षेला दोन स्टार. पुस्तक उघडायला परवानगी नव्हती म्हणून नाही, २०१८ पासून ती सोय झालीय, परीक्षेतच स्क्रीनवर अपटुडेट, म्हणजे डॉक्टरांचं ऑनलाइन संदर्भपुस्तक, उघडता येतं. माझ्या एका सहकाऱ्याने तशी परीक्षा दिली, तो म्हणतो की सोय चांगली आहे पण प्रत्येक प्रश्नाला शोधत बसलात तर वेळ पुरत नाही, ज्याला मुळात माहितीय की काय शोधायचं त्यालाच फायदा. मला पटतं ते. माझी तक्रार वेगळी आहे. दहा वर्षांत एक दिवस ठरवून त्या दिवशी माणसाला काय आठवतं ते बघायचं आणि मग पुढची नऊ वर्षं काहीच विचारायचं नाही, यात डॉक्टर ताजा राहतो कुठे? आणि चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर काय ते तुम्हाला तेव्हा सांगतही नाहीत. पुढे एक रिपोर्ट येतो की अमुक विषयात कमी पडलात, पण कुठला पेशंट चुकला, का चुकला, ते कळत नाही. शिकायची सगळ्यात चांगली वेळ हीच असते, चूक झाल्या झाल्या, आणि तीच वाया जाते.

आता एलकेए. लॉन्गिट्यूडिनल नॉलेज असेसमेंट, २०२२ पासून सुरू. माझं सर्टिफिकेट २०२३ ला संपत होतं म्हणून मी २०२३ च्या सुरुवातीला घेतलं. पाच वर्षांचं चक्र आहे. दर तिमाही ३० प्रश्न, वर्षाला १२०, पाच वर्षांत ६००, त्यातले किमान ५०० उघडावेच लागतात, म्हणजे आजारपण, इंडियाची ट्रिप, घरचं लग्न यासाठी १०० प्रश्नांची सूट आहे असं समजा. एका प्रश्नाला चार मिनिटं. एखादा प्रश्न अवघड निघाला तर वर्षाला ३० मिनिटांचा जादा वेळ साठवलेला असतो, त्यातून काढायचा. फोनवर, लॅपटॉपवर, कुठेही. पुस्तक, वेबसाइट, गाइडलाइन काहीही बघा, फक्त दुसऱ्या माणसाला विचारायचं नाही. आणि उत्तर दिल्या दिल्या बरोबर का चूक ते कळतं, कारण कळतं, कुठे वाचायचं तेही दिलेलं असतं.

मी रविवारी सकाळी करते. चहा, खिडकीजवळची खुर्ची, पाच प्रश्न. पाच म्हणजे जास्तीत जास्त वीस मिनिटं. एका तिमाहीचे सगळे ३० एकदम करायचे म्हटले तरी दोन तासांत होतात, पण तसं करू नका, सहा रविवार करा. चुकलेल्या प्रश्नाचा विषय मी एका वहीत लिहिते, नुसता विषय, प्रश्न लिहायची परवानगी नाही, तसं आपण कबूल केलेलं असतं आणि ते पाळायला पाहिजे. मग त्या आठवड्यात त्या विषयाचं जे काही नवीन आलंय ते वाचते.

एक अनुभव सांगते. प्रश्न काय होता ते सांगणार नाही, पण एक चुकलेलं उत्तर वाचून मी त्या विषयाच्या आसपासचं सगळंच वाचायला लागले आणि वाचता वाचता अॅस्पिरिनपर्यंत पोचले. ज्यांना हार्टचा त्रास कधी झालेला नाही अशांना साठीनंतर बचाव म्हणून नव्याने अॅस्पिरिन सुरू करू नका असं यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या इथल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२२ मध्येच सांगितलं होतं. मला ऐकून माहीत होतं, पण माहीत असणं आणि हाताला सवय होणं यात फरक आहे. सोमवारी क्लिनिकला गेल्यावर मी माझ्याच पेशंटच्या औषधांच्या याद्या बघायला बसले. त्या महिन्यात कितीतरी जणांशी बोलले, काहींचं चालू होतं ते का चालू आहे याचा नीट विचार केला, काहींचं बंद केलं. २०१३ च्या परीक्षेने मला असं एकदाही काही करायला लावलं नव्हतं. चार स्टार त्यासाठी.

आता मार्क कशाने कमीजास्त होतात, कारण ग्रुपवर खरं तर हेच विचारतात, "अगं किती अभ्यास करू?" माझं मत असं की अभ्यासाच्या तासांपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त ठरवतात. रेसिडेन्सी होऊन किती वर्षं झाली ही पहिली. हे नुसतं आपल्या मनाचं नाही, २००५ मध्ये अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या जर्नलमध्ये ६२ अभ्यास एकत्र करून बघितलेला एक रिव्ह्यू आला होता, त्यातल्या निम्म्याहून जास्त अभ्यासांत दिसलं की प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तसं ज्ञान किंवा गाइडलाइन पाळणं कमी होतं. वाचून मला वाईट वाटलं होतं, आपण तर समजतो की अनुभवाने माणूस पिकतो. पिकतोच, पण जे बदललं ते आपोआप कळत नाही.

पण त्याला दुसरी बाजू आहे. २०१७ मध्ये बीएमजे या जर्नलमध्ये हॉस्पिटलिस्ट डॉक्टरांचं वय आणि त्यांच्या पेशंटचे ३० दिवसांतले मृत्यू यावर अभ्यास आला. चाळिशीच्या आतल्या डॉक्टरांकडे १०.८ टक्के आणि साठीच्या वरच्यांकडे १२.१ टक्के असा फरक होता, पण ज्यांच्याकडे पेशंट भरपूर होते त्या म्हाताऱ्या डॉक्टरांत हा फरक दिसलाच नाही. आता हा काही परीक्षेचा अभ्यास नाही, मृत्यूदराचा आहे, आणि पेशंट जास्त म्हणूनच निकाल चांगला असं त्यातून सिद्ध होत नाही. तरी मला त्यात आमचे ते सीनियर पार्टनर दिसले. भरपूर पेशंट, रोज वाचन, आणि शंका आली की तरुण पोरांना विचारायला कमीपणा नाही.

विचारायला कोणीतरी असणं, हा माझ्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा आहे. ग्रुप प्रॅक्टिसमध्ये असलात, रेसिडेंटना शिकवत असलात, तर कोणीतरी रोज तुम्हाला टोकतं, अहो ते औषध आता पहिलं राहिलं नाही. एकटे छोट्या गावात क्लिनिक चालवणारे माझे दोन मित्र आहेत, दोघंही माझ्यापेक्षा हुशार, आणि दोघांनाही परीक्षेचा त्रास माझ्यापेक्षा जास्त झाला. त्यांच्या चुका त्यांना सांगणारं कोणी नाही. अशा लोकांनी तर एलकेएच घ्यावं, चूक दाखवणारा एक तरी सोबती मिळतो.

आणि मग पद्धत. वाचण्यापेक्षा स्वतःला विचारून उत्तर आठवायचा प्रयत्न केला की जास्त दिवस लक्षात राहतं, आणि एकदम करण्यापेक्षा अंतर ठेवून केलं की आणखी टिकतं, हे शिकण्याच्या मानसशास्त्रात चांगलं सिद्ध झालेलं आहे. थोडे थोडे प्रश्न वर्षभर द्यायची पद्धत भूलतज्ज्ञांच्या बोर्डाने आधीच चालू केली होती, त्यांचं मोका मिनिट, एका प्रश्नाला एकच मिनिट! त्यामानाने आपली चार मिनिटं म्हणजे चैन.

एक स्टार का कापला तेही सांगायला पाहिजे. एक तर पैसे. मी एका सर्टिफिकेटचे वर्षाला २२० डॉलर भरते, कार्डिओलॉजी, नेफ्रोलॉजी असं दुसरं सर्टिफिकेट असेल तर त्याचे आणखी १२०. एलकेए त्यातच येतं, मोठ्या परीक्षेला वर ७०० वेगळे. एलकेए स्वस्त पडतं हे खरं, पण अर्धवेळ काम करणाऱ्या, लहान मुलं असलेल्या डॉक्टर बायकांना तेवढीच फी, यावर विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं. दुसरं, प्रश्न अजूनही सगळ्या मेडिसिनचे. आजही फक्त हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्याला क्लिनिकचे प्रश्न येतात आणि क्लिनिकवाल्याला व्हेंटिलेटरचे. तिसरं म्हणजे तिमाही संपली की न उघडलेले प्रश्न गेले, परत येत नाहीत. आई आजारी होती तेव्हा मी सहा आठवडे सांगलीत होते, तिच्या उशाशी बसून रात्री प्रश्न सोडवलेत, आणि नऊ तरीही राहिले. ती १०० ची सूट तेव्हा कामी आली.

आणि मूळ प्रश्न, याने पेशंटचं भलं होतं का? इथे मी प्रामाणिक राहते. १९८९ आणि १९९० च्या त्या रेषेमुळे अभ्यास करायला आयतीच सोय झाली, एका बाजूला जन्मभराचे, दुसऱ्या बाजूला दहा वर्षांचे. २०१४ मध्ये जामा या जर्नलमध्ये दोन पेपर आले. एकात माजी सैनिकांच्या चार व्हेटरन्स हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांची तुलना होती, प्रायमरी केअरच्या, म्हणजे नेहमीच्या तपासणी-उपचारांच्या, दहा निकषांवर दोन्ही गटांत फरक नाही. दुसऱ्यात टाळता येण्यासारख्या अॅडमिशनमध्ये फरक नाही, खर्चाची वाढ मात्र थोडी कमी. म्हणजे सक्तीने परत बसवलं म्हणून डॉक्टर चांगला होतो असा ठोस पुरावा त्या दोन्हींत नाही. दोन्ही अभ्यास जुन्या पद्धतीचे आहेत, एलकेएच्या खूप आधीचे, हे लक्षात ठेवा.

डॉक्टरांनी आवाज उठवला म्हणूनच हे बदललं, हेही नवीन मुलांना सांगायला पाहिजे. २०१४ ला बोर्डाने नियम आणखी कडक केले तेव्हा विरोधाच्या अर्जावर १९ हजारांच्या वर सह्या झाल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये बोर्डाने जाहीर पत्र काढलं की आमचं चुकलं, माफ करा, आणि काही अटी मागे घेतल्या. त्याच वर्षी परत परीक्षा न घेणारं एक पर्यायी बोर्ड, एनबीपीएएस, निघालं, ते काही हॉस्पिटलं मानतात, सगळी नाही, तुमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात विचारूनच पाऊल टाका. २०२३ ला परत एक मोठी सह्यांची मोहीम झाली. एवढी मोठी संस्था चुकलो म्हणते आणि पद्धत बदलते हे मला आवडलं, आणि सह्या करणाऱ्यांत मीही होते.

सांगलीची माझी बॅचमेट हे सगळं ऐकून म्हणते की आमच्याकडे बरं आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट, कॉन्फरन्स, सीएमई (डॉक्टरांसाठीचे शिक्षणाचे कार्यक्रम) करून मिळतात, परीक्षा नाही. मी तिला म्हटलं बरं आहे खरं, पण तू मला सांग, शेवटच्या कॉन्फरन्समध्ये तुझं कुठलं मत चूक ठरलं? ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, तिथे कोणी विचारतच नाही. आता मी माझ्या वहीतले विषय, फक्त विषय, तिला दर रविवारी पाठवते, आणि ती स्वतः वाचून मला फोन करते. मागच्या महिन्यात तिने मला डेंग्यूच्या पेशंटला सलाइन किती आणि कधी थांबवायचं यावर अर्धा तास समजावलं, जे माझ्या बोर्डाच्या कुठल्याच तिमाहीत मला भेटलेलं नाही.

तर यंदा ज्यांचं संपतंय त्यांनी हे करा. एलकेए घ्या, वर्षाच्या सुरुवातीलाच नाव नोंदवा. पहिल्या तिमाहीचे ३० शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. शोधायला एकच जागा पक्की करा, अपटुडेट नाहीतर जे तुम्ही रोज वापरता ते, चार मिनिटांत तीन वेबसाइट होत नाहीत. चार मिनिटांतलं पहिलं मिनिट काहीही न उघडता विचार करा आणि स्वतःचं उत्तर ठरवा, मगच शोधा. नाइट करून आल्यावर एकही प्रश्न उघडू नका. पाच वर्षांच्या शेवटी पास झाला नाहीत तर मोठी परीक्षा द्यायला एक वर्ष जादा मिळतं, म्हणजे एका रात्रीत काही जात नाही. आणि माझ्यासारखे कोणी नापास झाले असतील आणि कोणाला सांगितलं नसेल तर मला मेसेज करा, रविवारी सकाळी मी जागीच असते, पाच प्रश्न झाले की फोन करते.